दार कुणी उघडलं

गेमचा डबा दादाने उंबरगावहून आणला तो साडीच्या दुकानाच्या पिशवीतून, त्यामुळे आईला आधी वाटलं आपल्यासाठीच काहीतरी आलंय. पिशवीतून काळा जाडजूड डबा निघाला, मागोमाग वायरींचा गुंता, दोन रिमोट आणि ओरखडे पडलेली एकच डिस्क. दादा तेव्हा प्लास्टिकच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीत मशीनवर होता. त्याच्याबरोबरचा एक कामगार कायमचा आपल्या गावी चालला होता, त्याने जाताना हे दादाला देऊन टाकलं.

"न्यायला जड झालं म्हणून दिलं असेल," बाबा म्हणाले आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले.

आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला आहे, रस्ता जिथून चढायला लागतो तिथे. भात, थोडी नागली, आणि बाकीचे महिने जिथे मिळेल तिथे मजुरी. आम्ही तिघं. दादा थोरला, मी मधली, मग धाकटा. धाकट्याला घरात सगळे बारक्या म्हणतात, तो दादापेक्षा वीतभर उंच झाला तरी. घरात आम्ही जे बोलतो ते पुस्तकात असं लिहीत नाहीत. मी ते शाळेच्या मराठीत बसवून लिहितेय. त्यात थोडं इकडचं तिकडे होणारच. मला त्याची सवय आहे, आणि ती सवय कशी लागली हेच सांगायचं आहे.

बारक्याला सगळं पटकन येतं. पोहायला तो एका दुपारी शिकला. दुसऱ्याची मोटारसायकल त्याने पहिल्यांदा हातात घेतली आणि सरळ तलासरी नाक्यापर्यंत जाऊन आला. दादा हळू. एकदा शिकला की कधी विसरत नाही, पण शिकायला वेळ लावतो. पाड्याच्या कबड्डीच्या संघात दादा चार वर्षं होता. बारक्या सोळाव्या वर्षी संघात आला आणि त्याच हंगामात लोक दादाला "बारक्याचा भाऊ" म्हणायला लागले. पुढच्या वर्षी दादाने खेळणं सोडलं. कारण गुडघ्याचं सांगितलं. तोच गुडघा घेऊन तो रोज सायकलने हायवेपर्यंत जायचा, तिथून पुढे कंपनीच्या गाडीने. मी काही बोलले नाही. बारक्यालाही कळलं असणार, पण तोही बोलला नाही.

त्या एकुलत्या एका डिस्कमध्ये दोन भावांचीच गोष्ट निघाली. बर्फाळ डोंगरातला एक किल्ला, त्याच्यासमोर दरीवरचा पूल, आणि किल्लेदाराची दोन मुलं. थोरल्याकडे मोठी ढाल आणि हातोडा, धाकट्याकडे दोन आखूड तलवारी. अर्धा खेळ थोरल्याचा, अर्धा धाकट्याचा, आणि मधूनमधून दोघांनी एकदमच लढायचं. त्यांची नावं आमच्यापैकी कुणाच्याही जिभेवर बसेनात. आम्ही थोरल्याला ढालवाला म्हणायचो, धाकट्याला तलवारवाला. कुणी काय घ्यायचं याची चर्चाच झाली नाही. दादाने ढालवाल्याचा रिमोट उचलला, बारक्याने दुसरा.

अडचण एवढीच होती की मारामारी थांबली की माणसं बोलायला लागायची, आणि बोलायची इंग्रजीत. खाली अक्षरं यायची आणि वाचेपर्यंत पुसली जायची. बारक्या वैतागायचा.

"ताई, तू डहाणूला कॉलेजात जातेस ना? मग सांग ना काय म्हणतोय तो!"

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. इंग्रजी वाचता यायचं, पण धावत्या अक्षरांच्या मागे धावायची सवय नव्हती. पहिल्या दिवशी मी अर्धं वाचलं, अर्धं अंदाजाने सांगितलं. दुसऱ्या सुटीच्या दिवशी टीव्हीसमोर पुढे सरकून बसले. महिनाभरात मला त्या माणसांचे आवाज ओळखू यायला लागले आणि मी त्यांच्यासारखंच बोलायला लागले. किल्लेदार बाप मरताना मुलांना जे सांगतो ते मी बाबांच्या आवाजात सांगितलं, खाकरून, मान खाली घालून, आणि सगळे हसले. त्या मुलांची आई किल्ल्याच्या तटावर उभी राहून काहीतरी लांबलचक म्हणते. मी म्हटलं, "जेवून जा म्हणतेय."

"खरंच?" आईने चुलीकडून विचारलं.

"खरंच."

दादाच्या सुटीच्या दिवशी दुपारी आमच्या घरात दहा-बारा माणसं जमायला लागली. बायका बाहेर बसून भाजी निवडता निवडता ऐकायच्या. त्यातली एक म्हातारी आईला म्हणाली, "तुझी पोरगी पोरांत बसून मारामाऱ्या बघते, चांगलं दिसत नाही." मी आतूनच ओरडून सांगितलं, "मी उठले तर गोष्ट पण उठेल. चालेल का?" म्हातारीने तोंड वेंगाडलं, पण ती गेली नाही.

ऐकणारा आणखी एक जण होता. आमच्या आणि काकांच्या घरामध्ये कारवीचं कुंपण आहे. काका म्हणजे बाबांचा सख्खा धाकटा भाऊ. रस्त्याकडेच्या तुकड्याची मोजणी झाली तेव्हा तो बाबांनी एकट्याच्या नावावर लावून घेतला, आणि काका मुंबईकडे कामाला असल्यामुळे त्यांना ते नंतर कळलं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. मी तेव्हा पाचवीत होते. तर आमच्या गेमच्या दिवशी काका कुंपणापलीकडे बाज टाकून बसायला लागले. दोरी वळायचे. दोरी वळायला ती जागा काही सोयीची नव्हती, दुपारचं तिथे ऊन येतं. एकदा हातपंपावर मला गाठून त्यांनी हळूच विचारलं, "तो पूल तुटला मग? की वाचला?"

"वाचला, काका."

"बरं झालं," ते म्हणाले आणि हंडा उचलून चालू लागले.

त्या दिवसांत बारावी झालेला बारक्या नरपडला एका चिकूच्या वाडीत मजुरीला जात होता. लांब काठीला जाळी बांधून फळं उतरवायची, धुवायची, भरायची. त्याला कंपनीत जायचं होतं. दादाला त्याने दोनदा विचारलं होतं, "तुमच्याकडे जागा निघाली तर सांग." दादा दोन्ही वेळा म्हणाला होता, "सांगतो."

एक दिवस कॉलेज सुटल्यावर मी डहाणू स्टेशनसमोर तलासरीच्या एसटीची वाट बघत होते. दादाच्या कंपनीतला एक जण भेटला, दादाबरोबर एकाच पाळीत असलेला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "तुझ्या धाकट्याचं चांगलं झालं म्हणे. नरपडला कायमचं काम लागलं?"

"कायमचं? नाही हो. रोजावर जातो."

"असं? आमच्याकडे दोन माणसं घ्यायची होती. साहेबांनी तुझ्या दादाला स्वतः विचारलं, घरचं कुणी आहे का म्हणून. तो म्हणाला, भाऊ आहे पण त्याला पक्कं काम लागलंय, तो येणार नाही. काल दुसरे भरले."

गाडी आली. मी खिडकीपाशी बसले आणि कैनाडचा फाटा मागे पडला तरी तिकीट काढायचं भान नव्हतं. कंडक्टर ओरडला तेव्हा काढलं. दादाने असं का केलं, हे मला कळत होतं आणि कळायला नकोही होतं. एका आठवड्याने त्याची सुटी आली. माणसं जमली. डबा सुरू झाला.

आणि नेमका त्याच दुपारी तो प्रसंग आला.

शत्रूची फौज पुलापाशी येऊन थांबलेली. तलवारवाला बाहेर, दरीच्या पलीकडे, मोजक्या माणसांनिशी लढतोय, कारण ढालवाल्याने त्याला सांगितलंय की तू पुढे हो, मी मागून येतो. आणि मग पडद्यावर किल्ल्याचं दार दिसतं. आतून एक हात येतो, अडसर काढतो. फौज आत शिरते. हात कुणाचा ते दिसत नाही. मग ढालवाला दारात उभा राहून बोलतो, आणि खाली अक्षरं येतात. मी ती वाचली. आयुष्यभर सगळे तुझंच नाव घेतात, असं काहीतरी होतं. एकदा तरी निर्णय माझा असू दे. दार मी उघडलं.

बारक्या माझ्याकडे बघत होता. "ताई? काय म्हणतोय? दार कुणी उघडलं?"

मी दादाकडे बघितलं नाही. म्हटलं, "दार फितूर पहारेकऱ्याने उघडलं. हा म्हणतोय, मला उशीर झाला, मी बंद करायला आलो होतो."

"अरेरे," बाहेरून कुणीतरी म्हणालं.

एकदा खोटं सांगितलं की ते सांभाळावं लागतं. पुढच्या भागात ढालवाला शत्रूच्या बाजूने लढताना दिसला. मी सांगितलं, ते त्याला कैद करून जबरदस्तीने लढायला लावतायत. मग तो शत्रूच्या सरदाराबरोबर बसून जेवताना दिसला. मी सांगितलं, विष घालायचा त्याचा डाव आहे. बारक्याने कपाळाला आठ्या घातल्या. "कैदेतल्या माणसाकडे त्याची ढाल कशी काय ठेवली यांनी?"

"पुढे कळेल."

"तुला तरी कळतंय का?"

लोक हसले. दादा हसला नाही. त्या दिवसांत तो रिमोट हातात घेऊन गप्प बसायचा आणि स्वतःची पाळी आली की पहिल्या फटक्यालाच मरायचा.

बारक्याने शेवटी काय केलं, तर फोन काढला. अक्षरांवर कॅमेरा धरला की त्याचं मराठी करून दाखवणारं अ‍ॅप आता सगळ्यांकडे असतं. वाडीतल्या कुणीतरी त्याला ते दाखवलं होतं. पावसाची सर येऊन गेलेली दुपार होती, बाहेरची माणसं आपापल्या घरी पळाली होती, आम्ही तिघंच होतो. त्याने न सांगता तो जुना प्रसंग पुन्हा लावला, फोन टीव्हीसमोर धरला आणि मोठ्याने वाचायला लागला. त्या अ‍ॅपचं मराठी वेडंवाकडं होतं, पण एक ओळ अगदी सरळ आली.

"दार मी उघडले."

त्याने फोन खाली केला. "पहारेकरी कुठाय, ताई?"

मी म्हटलं, "खेळच आहे ना. मी जरा बदललं."

"पाच महिने? का?"

तेव्हा दादा बोलला. तो खाटेवर बसला होता, पाय खाली सोडून. "तिने माझ्यासाठी बदललं."

मला वाटायचं दादाला इंग्रजी येत नाही. त्याची शाळा नववीतच सुटली होती. पण चार वर्षं तो मशीनवरच्या इंग्रजी सूचना वाचून काम करत होता. त्या दुपारी पडद्यावरची ती ओळ त्याने माझ्याबरोबरच वाचली होती. मी ती फिरवली तेव्हा त्याला दोन गोष्टी एकदमच कळल्या. मी खोटं बोलतेय, आणि मला सगळं माहीत आहे.

"आमच्याकडे दोन जागा निघाल्या होत्या," दादा म्हणाला. "साहेबांनी मला विचारलं. मी सांगितलं, तुला काम आहे, तू येणार नाहीस."

बारक्याला काही वेळ समजलंच नाही. मग समजलं. "का?"

"तिथे मला माझ्या नावाने हाक मारतात," दादा म्हणाला. "तू आला असतास तर सहा महिन्यांत तू मशीन माझ्यापेक्षा चांगलं चालवलं असतंस. मग तिथेही मी बारक्याचा भाऊ. मला ते नको होतं. बस. दुसरं काही कारण नाही."

मला वाटलं तो काहीतरी सावरून घेईल. कंपनीत धूर असतो, रात्रपाळी वाईट, तुझ्या भल्यासाठी केलं, असं काहीतरी. तो तसं काहीच म्हणाला नाही. आज मला त्याबद्दल त्याचा अभिमान वाटतो. तेव्हा मात्र वाटलं, दादा, निदान एक तरी खोटं बोल.

बारक्याने हातातला रिमोट भिंतीवर मारला. त्याचं मागचं झाकण उडालं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आणि तू. तुला माहीत होतं, आणि तू मला गोष्टी सांगत बसलीस." त्याने दोन कपडे पिशवीत कोंबले आणि तो नरपडला वाडीतल्या मजुरांच्या खोलीत राहायला गेला.

संध्याकाळी बाबांना कळलं. अर्धंच कळलं: पोरं गेमवरून भांडली आणि बारक्या घर सोडून गेला. त्यांनी कोयता घेतला आणि टीव्हीकडे आले. "हाच डबा. हा आला त्या दिवसापासून घराचं वाटोळं चाललंय. भाऊ भावाला मारतो, हे बघायचं आणि हेच शिकायचं!"

मी डब्यासमोर उभी राहिले. वडिलांसमोर असं उभं राहण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"सर."

"नाही सरणार."

"तुला काय कळतं? भाऊ भावाच्या जिवावर उठेल असं काय काय दाखवतात त्यात, मी ऐकलंय!"

"आणि तुम्ही आणि काका?" मी म्हटलं. "तुम्ही कोणता गेम खेळला होता, बाबा? आपल्या घरात तेव्हा टीव्ही पण नव्हता. रस्त्याकडेचा तुकडा एकट्याच्या नावावर लावायला तुम्हाला कुठल्या डब्याने शिकवलं?"

आईने तोंडावर पदर धरला. बाबांचा मोकळा हात वर गेला. मला वाटलं थप्पड पडली आता. नाही पडली. कुंपणापलीकडे बाज करकरली, म्हणजे काका उठून उभे राहिले होते, आणि ते बाबांनीही ऐकलं. बाबांनी कोयता कोनाड्यात ठेवला आणि ते शेताकडे गेले. त्यानंतर त्यांनी डब्याचं नाव काढलं नाही. माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. ते मी सोसलं. जे म्हटलं ते खोटं नव्हतं, आणि एवढ्या सगळ्या खोट्यानंतर मला एक तरी खरी गोष्ट बोलून टाकायची होती.

इथपर्यंत ऐकलं की लोकांना वाटतं, मग बाबा आणि काका एक झाले असतील. नाही झाले. तुकडा अजून बाबांच्याच नावावर आहे. मी दर दिवाळीला तो विषय काढते, बाबा दर दिवाळीला उठून जातात.

पंधरा दिवसांनी मी कॉलेजातून परस्पर नरपडला गेले. बारक्या झाडाखाली उकिडवा बसून चिकू निवडत होता, मोठे एकीकडे, बारीक एकीकडे. समुद्राकडून वारा येत होता आणि त्याचा शर्ट मागून फुगला होता. मला बघून त्याने हात थांबवला नाही.

"घरी चल," मी म्हटलं.

"दादाने पाठवलं?"

"कुणी नाही पाठवलं. माझी मी आले."

"मग माफी माग."

"दादाला वाचवायला खोटं बोलले त्याची नाही मागणार," मी म्हटलं. "त्या दिवशी तेवढी माणसं घरात होती. सगळ्यांसमोर त्या ओळी मी दादाच्या अंगावर टाकल्या असत्या, असं वाटतं तुला? पुन्हा वेळ आली तरी नाही टाकणार."

त्याने मोठ्या टोपलीतला एक चिकू उचलला, पुन्हा बघितला आणि लहान टोपलीत टाकला. "ते सगळ्यांसमोरचं झालं. रात्री? दुसऱ्या दिवशी? मी एकटा होतो तेव्हा?"

मी खाली पडलेला एक चिकू उचलून टोपलीत ठेवला.

"तुला वाटलं मी दादाला मारीन," तो म्हणाला. "तुझं तूच ठरवून टाकलंस. मला काय वाटेल ते मला ठरवू द्यायचं होतंस. दादाने माझी नोकरी घेतली, तू माझं भांडण घेतलंस. माझं भांडण होतं ते, ताई."

याची मी माफी मागितली. तिथेच, मजुरांसमोर, उभ्या उभ्या. त्याने मान हलवली आणि मला बसायला रिकामं क्रेट सरकवलं. पण घरी तो लगेच आला नाही. पुढच्या महिन्यात आला, सुटीच्या दिवशी, जेवणाच्या वेळेला, जणू काही सकाळीच बाहेर गेला होता.

जेवल्यावर तोच म्हणाला, "डबा लाव. शेवट बघू. आणि ताई, आता जे लिहिलंय तेच सांगायचं."

उडालेलं झाकण मी चिकटपट्टीने बसवलं होतं. डब्याचा आवाज ऐकून बाहेर माणसंही जमली. खेळ शेवटाला आला होता. दोघं भाऊ जळक्या किल्ल्याच्या अंगणात समोरासमोर. इथून पुढे रिमोट एकच चालतो, तलवारवाल्याचा. बारक्याने पंधरा मिनिटांत ढालवाल्याला गुडघ्यावर आणलं. ढाल दूर जाऊन पडली. पडद्यावर एका बटणाचं चित्र लुकलुकायला लागलं.

"काय म्हणतोय?"

"ढालवाला म्हणतोय, मार. खाली लिहिलंय, बटण दाबा."

बारक्याने रिमोट जमिनीवर ठेवला.

"अरे दाब ना," बाहेरून कुणीतरी ओरडलं.

"नाही दाबत."

बटण लुकलुकत राहिलं. थोड्या वेळाने ढालवाला उठला, त्याने हातोडा उचलला आणि तलवारवाल्याला ठार केलं. खेळ पुन्हा अंगणापासून सुरू झाला. बारक्याने पुन्हा त्याला गुडघ्यावर आणलं आणि पुन्हा रिमोट खाली ठेवला. पुन्हा मेला. चार वेळा. लोक कंटाळून बोलायला लागले, गेममध्ये दुसरा मार्गच नाही म्हणून. बारक्या म्हणाला, "गेम बनवणाऱ्याला सुचला नसेल. मी का म्हणून मारू? तो सांगतो म्हणून?"

दादा इतका वेळ दाराशी उभा होता. तो आत आला, खाली बसला आणि त्याने रिमोट उचलला. "मी मारतो त्याला. माझाच आहे तो."

"तुला नाही जमणार," बारक्या म्हणाला.

खरोखरच जमेना. बटणापर्यंत पोचायलाच जमेना. ढालवाल्याने दादाला पहिल्यांदा अर्ध्या मिनिटात लोळवलं, दुसऱ्यांदा त्याहून लवकर. दादाच्या कपाळावर घाम आला. सहाव्या वेळी बारक्याला राहवेना. "डावीकडे उडी मार! अरे डावीकडे! तो हातोडा वर नेतो तेव्हा मोकळा असतो, तेव्हाच मार. दादा, तू बघतोयस कुठे?" दादा पुन्हा मेला. बारक्याला हसू फुटलं. मग दादालाही. आणि मग दादाचं हसणं मध्येच थांबलं, आणि रिमोट मांडीवर ठेवून तो म्हणाला, "चूक केली मी."

"केलीस," बारक्या म्हणाला.

"पुन्हा जागा निघणार आहे. सांगू?"

"नको. तुझ्या कंपनीच्या फाटकातही मी पाय ठेवणार नाही. माझं मी बघेन."

तो हट्ट होता, घरात सगळ्यांनी तो हट्टच मानला. आई रडली, बाबांनी समजावलं. बारक्याने ऐकलं नाही. त्याने परवाना काढला आणि डहाणूच्या एका चिकू व्यापाऱ्याकडे टेम्पोवर लागला. वाड्यांमधून माल उचलायचा, पॅकिंगला पोचवायचा. पहिले सहा महिने हाल झाले. नंतर त्या व्यापाऱ्याचं त्याच्यावाचून पान हलेना. भावाभावांचं बोलणं चालू राहिलं, पण पहिल्यासारखं नाही. पहिल्यासारखं नको, असं बारक्याच म्हणायचा. पूर्वी ते एकमेकांना राग दाखवत नसत. आता घरात आवाज चढतात, भांडी आपटतात, आणि सकाळी चहाला दोघं चुलीपाशी असतात. शेजारची बाई म्हणते, या घरात शांतता नाही. मी म्हणते, शांतता तुमच्याकडेच ठेवा.

तो शेवट आम्ही कधीच बघितला नाही. मी आता कैनाडच्या बाजूला एका शाळेत शिकवते. तिथल्या स्टाफरूममध्ये दर आठवड्याला कुणीतरी म्हणतं की असल्या गेमनी पोरांची मनं बिघडवली, भावाभावात वैर शिकवलं. मी गप्प बसत नाही. म्हणते, माझ्या घरात वैर आधीपासून होतं, दोन पिढ्यांचं. गेमने एवढंच केलं की ते मोठ्याने वाचून दाखवलं. मी ते चुकीचं वाचलं, तो दोष माझा. मुख्याध्यापकांना माझं बोलणं आवडत नाही, आणि ते त्यांनी मला सांगितलंही आहे.

गेल्या वर्षी दादाच्या कंपनीने एक विभाग बंद केला. दादा त्यातच होता. दोन महिने तो घरी बसला, नागलीच्या शेतात राबला, कुणाकडे काही मागितलं नाही. एका सकाळी बारक्याने टेम्पो दारात उभा केला आणि म्हणाला, "बस." मलाही डहाणूला काम होतं, मी मागे चढले.

व्यापाऱ्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये माल मोजून घ्यायला माणूस हवा होता. व्यापारी गादीवर बसून चहा पीत होता, आजूबाजूला पंधरा-वीस बायका पेट्या भरत होत्या. बारक्या दादाला पुढे घेऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"शेठ, हा माझा थोरला भाऊ. शिकायला वेळ लावतो, पण शिकला की चुकत नाही. एकदा याने मला नोकरी मिळू दिली नव्हती, खोटं सांगून. ते झालंच आहे, मी लपवत नाही. तरी मी सांगतोय, याला घ्या."

पेट्या भरणारे हात थांबले. दादाचा चेहरा लाल झाला. व्यापाऱ्याने आधी बारक्याकडे बघितलं, मग दादाकडे, आणि विचारलं, "खरं आहे का रे?"

"खरं आहे," दादा म्हणाला.

"सोमवारी ये."

परतताना टेम्पोत दादा इतका संतापला होता की आशागडपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि मग एकदम बोलला तो शिव्यांनीच. एवढ्या बायकांसमोर सांगायची गरज होती का? बारक्या स्टिअरिंग धरून शांतपणे म्हणाला, "होती." घरी आल्यावर दादा जेवला नाही. शनिवारी बोलला नाही, रविवारीही नाही. सोमवारी सकाळी तो उठला, धुतलेला शर्ट घातला, बाहेर आला आणि टेम्पोत पुढे बारक्याशेजारी जाऊन बसला. काच खाली केली. मला म्हणाला, "डबा विसरलो, जरा आण गं."

मी जेवणाचा डबा आणून दिला आणि टेम्पो उतारावरून खाली गेला.